विचारा, सांगते : बर्फावर उतरायच्या आधी

फेब्रुवारीच्या अंकात गारपिटीबद्दल लिहिताना माझ्या हातून एक ओळ निसटली. कॅनडात एडमंटनला असताना मी सात हिवाळे बर्फावरची हॉकी खेळले, अशी ती ओळ. संत्र्याचं किती नुकसान झालं, पंचनाम्याला काय काय दाखवावं लागतं, हे मी जीव तोडून लिहिलं होतं. पत्रं आली ती त्या एका ओळीवर. दोघांनी तर ती खोटीच ठरवली. त्यांचा राग नाही. वरुड तालुक्यातल्या पन्नाशी उलटलेल्या बाईनं मला असं काही सांगितलं असतं तर मीही मानलं नसतं.

तर या महिन्यात संत्र्यावरची कोळशी आणि डिंक्या हे रोग बाजूला. नवतपा लागला आहे, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आहे आणि बर्फाच्या पत्रांना उत्तरं लिहायला बसले आहे.

प्रश्न : मावशी, मी ३७ वर्षांची आहे. नवरा वर्षभरापासून एडमंटनला आहे, ऑगस्टमध्ये मी आणि मुलगी जाणार. तिथल्या शेजारणीनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की त्यांचा बायकांचा हॉकीचा संघ आहे, सगळ्या नवशिक्या, तू पण ये. मी शाळेत कबड्डी खेळले, जिल्ह्यापर्यंत. बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर. मला जमेल का? सुरुवात कुठून करू? कृपया हसू नका.
— एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : हसत नाही. मी पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला तेव्हा मला ४१ पूर्ण होते, म्हणजे तुझ्यापेक्षा चार वर्षांनी म्हातारी. आणि मी हॉकी खेळायला म्हणून गेलेच नव्हते. आमच्या भागातल्या रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कँटीनमध्ये फ्राइज तळायची नोकरी होती माझी. काचेच्या अलीकडं उकळतं तेल, पलीकडं बर्फ. २०१३ च्या ऑक्टोबरात मंगळवारच्या बायकांच्या संघातली एक जण कॉफी घेताना म्हणाली, आम्हाला माणसं कमी पडतात, येतेस का? मी म्हटलं, मला बर्फावर उभंसुद्धा राहता येत नाही. ती म्हणाली, आमच्यातल्या निम्म्या जणींना थांबता येत नाही, भिंतीवर आदळून थांबतात. ती शाळेची बस चालवायची आणि संघाची कप्तान होती. तिच्या त्या बोलण्यावर मी फसले.

पण लगेच संघात गेले नाही, आणि तूही जाऊ नकोस. पहिला हिवाळा नुसता उभं राहायला, चालायला आणि थांबायला दे. तिथल्या सरकारी रिंकमध्ये सगळ्यांसाठी स्केटिंगचे तास असतात, मोठ्या माणसांना शिकवायचे वर्गही असतात. डिसेंबरात थंडी धरली की वस्तीवस्तीत उघड्यावरची रिंकं तयार होतात. मोहल्ल्याची माणसंच रात्री पाईपनं पाणी मारून थरावर थर गोठवतात. मला ते पाहून आपल्याकडची रात्रपाळीची लाइन आठवायची. तेच ते टॉर्च, तेच गमबूट, पाणी देणारा तसाच कुडकुडत उभा. फरक एवढाच की तिथं पाणी मुरू नये म्हणून धडपड.

आता तुझ्या हातात ऑगस्टपर्यंतचा वेळ आहे. तेवढ्यात बर्फाशिवाय जे शिकता येतं ते शिकून घे, आणि त्यात पहिलं म्हणजे पडणं. मी चेष्टा करत नाही. खळ्यातल्या कुटाराच्या ढिगावर जा आणि पड. मागं पडायचं नाही आणि हात मागं टेकायचे नाहीत, मनगट तिथंच मोडतं. गुडघे वाकवून खाली बसत बसत एका कुशीवर जायचं, ढुंगणाच्या मांसल बाजूवर. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही. हाताच्या मुठी आवळायच्या, कारण मागून येणारीच्या पायात पाती असतात. मग उठायचं : दोन्ही गुडघ्यांवर ये, एक पाऊल पुढं रोव, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाब आणि वर ये. वीस-वीस वेळा कर. सासूबाई काय म्हणतील ते म्हणू देत. माझ्या सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, “बाई, पाय मोडला तं संत्रा कोण तोडन?” आणि संत्रा तर तेव्हा त्याच तोडत होत्या.

दुसरं, उभं राहणं. आपल्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर गाऱ्यातून कशी चालतेस? गुडघे वाकलेले, पाऊल पसरट, अंग किंचित पुढं. ताठ राहिलीस की गेलीस. बर्फावरही तसंच. (आपल्याकडं चिखलालाही गारा म्हणतात आणि आभाळातून पडतात त्याही गाराच. मला हा योगायोग तिथं जाऊन कळला.) पुढं जायचं तर पाय मागं ढकलून चालत नाही, बाजूला ढकलायचा. हे डोक्याला लगेच कळतं आणि पायांना दोन महिने कळत नाही. घरी एका पायावर उभं राहून दात घासत जा. उठाबशा काढ. कबड्डीवाली आहेस म्हणजे खाली वाकून सरकायची सवय अंगात असेलच, ती तुला माझ्यापेक्षा खूप पुढं ठेवेल. मी कॉलेजात फक्त कॅरम खेळले होते.

आणि एक गोष्ट कबड्डीवालीला लवकर समजेल. आपली चढाई तीस सेकंदांची. बर्फावरची पाळीही अशीच, पाऊण मिनिट, फार तर एक मिनिट. पाच जणी बर्फावर आणि एक गोलकीपर. बाकीच्या बाकावर. पाऊण मिनिट जीव खाऊन पळायचं, दाराशी यायचं, बाकावरची उतरणार, तू बसणार. खेळ थांबत नाही, चालत्या खेळातच ही अदलाबदल होते. नव्या माणसाची पहिली चूक इथंच. बरं वाटतंय म्हणून ती दोन-दोन मिनिटं वर राहते, मग पाय शिशाचे होतात आणि बाकावरच्या जणी घड्याळ पाहत बसतात. मला गोल झाला नाही म्हणून कुणी कधी बोललं नाही. पाळी लांबवली म्हणून मात्र कप्ताननं पहिल्याच सामन्यात सुनावलं.

आता स्केट्स, म्हणजे तळाला पातं लावलेले बूट. इथं माझी फजिती सांगते म्हणजे तुझी वाचेल. मी नवे कोरे स्केट्स घेतले, घरी गालिच्यावर घालून मिरवले आणि रविवारी बर्फावर उतरले. गोठ्यातल्या ओल्या फरशीवर म्हैस घसरते तशी गेले. चारही दिशांना. अर्धा तास भिंत धरून रडकुंडीला आले, तेव्हा सात-आठ वर्षांचा एक पोट्टा थांबला आणि विचारलं, धार लावली का? दुकानात कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. नवे स्केट्स बहुधा बिनधारेचे असतात. धार म्हणजे सुरीसारखी नव्हे. पात्याच्या तळाला लांबीभर एक पन्हळ कोरतात, तिच्या दोन कडा म्हणजे दोन धारा. नवख्यांना साधारण अर्धा इंच त्रिज्येची पन्हळ चालते. आकडा लहान तितकी पन्हळ खोल आणि पकड घट्ट. हे दुकानात एकदा सांगितलं की त्यांच्याकडं नोंद राहते.

मापाचंही सांगते. स्केटचा नंबर तिकडच्या पुरुषांच्या बुटाच्या नंबरापेक्षा एक ते दीड कमी असतो. घालून उभी राहिलीस की अंगठा पुढं हलकासा टेकायला हवा, आणि गुडघा वाकवला की मागं सरून टाच घट्ट बसायला हवी. पोळ्याला नवी चप्पल घेताना आपण बोटभर जागा ठेवतो, ती सवय इथं सोड. सैल बुटात घोटा लटपटतो आणि दोष आपण घोट्याला देतो.

बाकीचं सामान वापरलेलं घे. तिकडं जुन्या खेळसामानाची दुकानं असतात, पोरं दरवर्षी मोठी होतात आणि सामान विकलं जातं. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळं मला चौदा वर्षांच्या मुलांचं सगळं आलं. स्केट्स सोडून एकूण १९० डॉलर. हेल्मेट मात्र नवंच घे, जाळीसकट, आणि त्यावर सीएसएची, म्हणजे तिकडच्या सुरक्षेच्या मानकाची, खूण आहे का पाहा. गळ्याचा पट्टा कुणी सक्ती केली नाही तरी घाल.

घालायचा क्रम खालून वर. जांघेचं कवच, मग नडग्या-गुडघ्यांची कवचं, त्यावर लांब मोजे, मग ती जाडजूड चड्डी, मग स्केट्स. त्यानंतर खांदे, कोपरं, जर्सी, हेल्मेट, शेवटी हातमोजे. मी पहिल्या दिवशी उत्साहात आधी खांदे आणि कोपरं चढवली. मग लेस बांधायला वाकताच येईना. साडी नेसून झाल्यावर परकर आठवावा तसं सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून. आणि घरी आल्यावर सामान पिशवीत ठेवून विसरू नकोस. त्या वासाला मराठीत शब्द नाही. आमच्या ह्यांनी पिशवी गॅरेजमध्ये टाकायला लावली. उणे पंचवीसमध्ये हातमोजे गोठून लाकूड झाले, दुसऱ्या मंगळवारी मी ते मांडीखाली घेऊन बसले होते. तळघरात दोरी बांधून वाळत घाल.

काठी. बूट न घालता उभी राहा, काठी समोर उभी धर, ती हनुवटी आणि नाकाच्या मध्ये कुठंतरी यायला हवी. जास्त असेल तर करवतीनं काप, त्यात काही पाप नाही. आपल्याकडच्या मैदानी हॉकीत काठी एकाच हाताची आणि एकाच बाजूनं मारायची. इथं डाव्या-उजव्या दोन्ही मिळतात आणि पात्याच्या दोन्ही बाजू चालतात. तुझी कुठली? फावड्यानं माती ओढताना खाली कुठला हात जातो ते पाहा. डावा जात असेल तर डावी काठी. कॅनडात उजव्या हातानं लिहिणारी कितीतरी माणसं डावी काठी धरतात, त्यामुळं दुकानदारानं डावी दिली तर चूक झाली असं समजू नकोस.

नियम तुला दोन सामन्यांत कळतील. समोरच्या संघाकडच्या निळ्या रेषेच्या आत पकच्या, म्हणजे काठीनं मारायच्या चकतीच्या, आधी जायचं नाही, एवढं आधी पाठ कर. मी नियम शिकले ते पंजाबीतून. टीव्हीवरच्या ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या सामन्यांच्या कार्यक्रमाचं पंजाबी समालोचन २००८ साली सुरू झालं. हरनारायण सिंग यांचा आवाज आमच्या घरात शनिवारी रात्री असायचाच. इंग्रजी समालोचन माझ्या कानावरून वाहून जायचं, हे निम्मं तरी कळायचं. पकला ते टिक्की म्हणतात. तीन इंच रुंद, एक इंच जाड, क्रिकेटच्या चेंडूएवढ्याच वजनाची काळी रबरी टिक्की. उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात.

नाव नोंदवताना फॉर्मवर तुझी पायरी विचारतील. सगळ्यात खालची लिही. लाज वाटून वरची लिहिणाऱ्या माझ्या ओळखीत दोघी होत्या, त्यांच्याकडं वर्षभर कुणी पक दिला नाही आणि दोघींनी खेळ सोडला. उलटे नमुनेही असतात, चांगलं खेळणारे, खालच्या गटात येऊन सहा-सहा गोल मारून जाणारे. त्यांना बर्फावर कुणी काही म्हणत नाही. खोली रिकामी झाल्यावर म्हणतात.

आणि ९९ नंबरची जर्सी मागू नकोस. तो वेन ग्रेट्झकी या नावाजलेल्या खेळाडूचा. एडमंटनला त्यांचा पुतळा आहे, आणि २००० साली तो नंबर एनएचएल या तिकडच्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगच्या सगळ्याच संघांनी कायमचा बंद केला. गल्लीतल्या सामन्यात कुणी अडवत नाही, पण हसतात. मला सात हवा होता, बारा मिळाला. गावी फोनवर सांगितलं तर दीर म्हणाले, “म्हंजे सातबारा अर्धाच झाला तुमच्या नावावर.”

पहिला सामना रात्री सव्वादहाचा, बाहेर उणे अठ्ठावीस. आम्ही नऊ-एक हरलो. मी चारदा पडले, त्यातली दोनदा कुणी जवळ नसताना. संपल्यावर दोन्ही संघ रांगेनं हात मिळवतात, तेव्हा पलीकडच्या गोलकीपरनं माझं हेल्मेट थोपटलं. माझा पहिला गोल दुसऱ्या हिवाळ्यातला. मी गोलसमोर उठायच्या प्रयत्नात होते, कुणीतरी मारलेला पक माझ्या नडगीवर आपटून आत गेला. मुद्दाम लाथ मारली तर गोल धरत नाहीत, आपोआप लागून गेला तर धरतात. माझा धरला. तो पक देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर आहे.

प्रश्न : मी पुढच्या वर्षी ऑन्टॅरिओला शिकायला जातो आहे. तिथं गोलकीपरला लीगची फी द्यावी लागत नाही असं मित्र म्हणतो. खरं आहे का? आणि नसेल तर साधारण खर्च किती? विद्यार्थ्याला झेपेल असं काही सांगा.
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मित्राचं बरंचसं खरं आहे. गोलकीपर सगळीकडंच कमी पडतात, म्हणून पुष्कळ संघ त्याच्याकडून फी घेत नाहीत किंवा कमी घेतात. पण गोलकीपरचं सामान वेगळं आणि सगळ्यात महाग. पायाची ती गाद्यांसारखी कवचं, छातीचं, दोन वेगळे हातमोजे, वेगळे स्केट्स, वेगळी काठी. फी वाचवायला जाशील आणि बैल घेण्याइतके पैसे घालशील. शिवाय गोलकीपरलाही आधी स्केटिंग यावं लागतं, उलट जास्तच. उभा राहतो म्हणून त्याला कमी लागतं हा गैरसमज आहे.

विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षी लीगमध्ये पडूच नये असं माझं मत. विद्यापीठांत आपापसातले सामने होतात, ते स्वस्त असतात. त्याशिवाय शिनी म्हणून एक प्रकार असतो. ना संघ, ना पंच, ना फीचं वर्ष. रिंकवर जायचं, त्या तासाचे पैसे द्यायचे, आलेल्यांचे दोन गट पाडायचे. उघड्यावरच्या रिंकवर तर सगळ्यांच्या काठ्या मधोमध ढिगात टाकतात आणि एक जण त्या उचलून दोन बाजूंना फेकतो, झाले संघ. आपण गावात गोट्यांच्या वेळी जसे भिडू वाटायचो त्याहून हे सरळ, भांडणच नाही. एक हिवाळा तसा खेळ, मग ठरव.

प्रश्न : आमचा मुलगा ४४ वर्षांचा, मिसिसागाला असतो. मागच्या वर्षीपासून त्यानं हे खूळ घेतलं आहे. रात्री अकराला खेळायला जातो, एकला येतो, सकाळी नोकरी. मी टीव्हीवर पाहिलं, त्यात हेल्मेट काढून मारामारी करतात आणि पंच बघत राहतात. त्याची आई झोपत नाही. खेळाला ‘बियर लीग’ म्हणतात असंही सून बोलली. त्याला बंद करायला सांगावं का?
— एक वडील, दारव्हा

उत्तर : काकाजी, आधी मारामारीचं. तुम्ही पाहिलं ते पगारी खेळाडूंचं. मुलगा ज्यात खेळतो त्या हौशी लीगमध्ये अंगावर धडक मारायलाच बंदी असते. मारामारी केली तर बाहेर काढतात आणि पुढचे सामनेही बंद. सकाळी कामावर जायचं असतं सगळ्यांना. आमच्या शेजारच्या गटात दातांचे डॉक्टर होते, ते कुणाचा दात पडू नये म्हणून सगळ्यात जास्त ओरडायचे.

रात्री अकराचं कारण साधं आहे. संध्याकाळचा बर्फ लहान मुलांना देतात, उरलेला मोठ्यांना. आपल्याकडं थ्री फेज लाइन शेताला रात्री बाराला येते, तेव्हा आपण जातोच की. बियरचं म्हणाल तर सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत डबे उघडतात हे खरं. आमच्यातल्या दोघी घ्यायच्या, मी संत्र्याचा ज्यूस. कुणी आग्रह केला नाही. ज्यूस मात्र पाण्यासारखा होता, नागपुरी संत्र्याचं नाव सांगून मी तिथल्या बायकांना फार पिडलं आहे. गाडी चालवत परत येतो ना मुलगा? तेवढं विचारा.

बंद करायला सांगू नका, पण दोन गोष्टी जरूर सांगा, आणि आईच्या नावानं सांगा, म्हणजे ऐकेल. एक, गळ्याचा पट्टा. २०२३ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये व्यावसायिक सामन्यात स्केटचं पातं गळ्याला लागून एक खेळाडू गेला. त्यानंतर पुष्कळांनी तो पट्टा घालायला सुरुवात केली. मोठ्यांच्या लीगमध्ये सक्ती असो नसो, ही तीस-चाळीस डॉलरची गोष्ट आहे. दोन, छाती. हा खेळ सलग पळायचा नाही. बसून राहायचं आणि एकदम जीव तोडून धावायचं, पुन्हा बसायचं. नाडी एकदम वर जाते. चाळिशीनंतर, त्यातही दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यानं, बर्फावर उतरण्याआधी डॉक्टरकडून बीपी, साखर, हृदय तपासून घ्यावं. घरात कुणाला हृदयाचं असेल तर ते लपवू नये. खेळताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं तर ‘एवढी पाळी संपवतो’ म्हणून थांबू नये. हे मी घाबरवायला लिहीत नाही. आमच्या रिंकमध्ये भिंतीवर हृदयाला झटका द्यायचं यंत्र टांगलेलं असायचं, माझ्या फ्रायरच्या शेजारीच. मुलाला विचारा, तुमच्या रिंकमध्ये ते कुठं आहे. त्याला माहीत नसेल तर पुढच्या सामन्याला पाहून ठेवेल.

सूनबाईंनाही एकदा सामना पाहायला जायला सांगा. नवरा एवढ्यांदा पडतो आणि हसत उठतो हे पाहिलं की राग निम्मा उतरतो. आमच्या ह्यांचा उतरला. आधी म्हणायचे, “काऊन वं, घरी काम कमी हाय का?” दुसऱ्या वर्षी तेच बाकामागं उभं राहून दार उघडायचे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. असा खेळ आपल्याकडं मुलांना दाखवायचा तर काही सोय होऊ शकते का? भारतात कुठं खेळतात?
— एक शिक्षक, गोंदिया जिल्हा

उत्तर : गुरुजी, बर्फाचं मैदान करायचं म्हटलं तर विजेचं बिल पाहूनच मुख्याध्यापक आडवे होतील. तिकडच्या रिंकची लांबी २०० फूट, रुंदी ८५, म्हणजे साडेपंधरा गुंठे. खाली सिमेंटमध्ये नळ्यांचं जाळं, आपल्या ठिबकसारखं, त्यातून गोठणबिंदूच्या खालचं खारं पाणी फिरतं. वर बर्फ फक्त इंच-दीड इंच. मधून मधून झांबोनी नावाची गाडी येते, वखरासारखी वरची पापडी खरवडते आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडते. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनीनं ती १९४९ साली केली. मी फ्राइज जळू देऊन ती गाडी पाहत उभी राहायची.

भारतात हा खेळ खरा लडाखचा. डिसेंबर-जानेवारीत लेहला तळी गोठतात आणि गावंच्या गावं खेळतात. २०२५ च्या जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया कपात भारताच्या मुलींनी कांस्यपदक आणलं, बहुतेक लडाखच्या. सिमल्याला १९२० पासून नैसर्गिक बर्फाचं रिंक आहे. डेहराडूनला २०११ साली बांधलेलं बंदिस्त रिंक बरीच वर्षं बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं.

तुम्ही चाकांवर सुरुवात करा. नागपूर-अमरावतीकडं स्केटिंगचे वर्ग आहेत, एका रांगेत चाकं असलेले स्केट्स बर्फाच्या सगळ्यात जवळचे. त्या हॉकीत चार जण आणि गोलकीपर लागतात. शाळेचं सिमेंटचं अंगण पुरतं, चिरा मात्र बुजवून घ्या. फक्त मुलांना एवढं सांगून ठेवा की बर्फावर थांबायचं तंत्र निराळं. तिथं पातं आडवं करून बर्फ खरवडत थांबतात, चाकं तशी सहज आडवी सरकत नाहीत. स्केट्सही नसतील तर बुटांवरच खेळा, टेनिसचा चेंडू आणि लाकडी काठ्या. कॅनडातली पोरं रस्त्यावर तेच करतात, गाडी आली की गोलपोस्ट उचलून बाजूला होतात.

प्रश्न : काकू, तुमच्या ओसरीवर खुंटीला ते मोठं काळं पोतं टांगलं आहे त्यात काय आहे?
— आमच्याच गावातला एक वाचक, वय ११

उत्तर : हॉकीचं सामान आहे, आणि तू ते चाचपून पाहिलंस हे मला माहीत आहे. नडग्यांची कवचं पावसाळ्यात मी घालते, धुऱ्यावरच्या गवतात सापाची भीती वाटत नाही. दोन काठ्या मागच्या बहारात वाकलेल्या फांद्यांना टेकू म्हणून दिल्या, बांबू कमी पडले होते, त्या तिथंच आहेत. हातमोजे उंदरांनी खाल्ले.

स्केट्स मात्र पोत्यात नाहीत. पात्यांना तेल लावून ट्रंकेत ठेवले आहेत. साडेचार नंबर. माझ्या चपलेचा नंबर आपल्याकडचा पाच. आर्वीच्या त्या पोरीचा पाय तेवढाच असेल तर तिनं मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. धार तिथं जाऊन लावून घे म्हणावं.